ठरवल्यावरच टीव्ही लावावा

काल संध्याकाळी तुम्ही जे पाहिलंत, ते कोणी निवडलं होतं?

लगेच ‘मी’ म्हणू नका. ताट घेऊन बसलात, टीव्ही लावलात, वरच्या रांगेतलं मोठं चित्र आपलं आपणच हलायला लागलं आणि भाजी निवायच्या आत काहीतरी सुरू व्हावं म्हणून तुम्ही बटण दाबलंत. याला निवडणं म्हणायचं का?

हा प्रश्न मूळचा माझा नाही. येरवड्यात मी ज्यांच्या घरी भाड्याने राहायचे त्या बाईंचा आहे. मी खोली बघायला गेले होते. पगार किती, गाव कोणतं, आणि आडून आडून जात कोणती, या प्रश्नांची उत्तरं पुण्यात खोली शोधणाऱ्या मुलीला तोंडपाठ असतात. बाईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही. त्या म्हणाल्या, “शेवटचा सिनेमा कोणता पाहिलात?”

मी नाव सांगितलं.

“का पाहिलात?”

“समोर आला म्हणून.”

“म्हणजे आपण पाहिला नाहीत. आपल्याला दाखवला गेला.”

मला राग आला. माझे वडील परभणीच्या एका छोट्या छापखान्यात कामाला होते आणि रविवारी वस्तीतल्या विहारासमोर पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या शाळेच्या वह्यांना असायची. ‘जागे व्हा’ हे दोन शब्द मी स्वतःच्या नावाआधी वाचायला शिकले. अशा मुलीला एक अनोळखी बाई सांगत होती की तू झोपलेली आहेस. मी उभ्या उभ्या भांडले. दिवसभर राबून आलेल्या माणसाच्या अंगात निवडायची ताकद उरते का, निवडण्यासाठी आधी वेळ लागतो आणि तो वेळ कोणाकडे आहे, कोणी काढून घेतला आहे, असं बरंच काही बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“भाषण बरं करता,” त्या म्हणाल्या. “सामान कधी आणताय?”

बाई महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. गल्लीतले लोक त्यांना आपा म्हणत, शाळेतली मुलं बाई म्हणत, म्हणून आम्ही भाडेकरूही बाईच म्हणायचो. यजमानांचं कॅम्पात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते गेल्यावर बाईंनी दुकान विकलं आणि वरच्या दोन खोल्या भाड्याने लावल्या. घर तुरुंगाच्या मागच्या अंगाला. एका खोलीत मी, दुसरीत कंपनीच्या बसने हिंजवडीला जाणारा एक मुलगा. आमची नावं बाईंच्या लक्षात राहत नसत, किंवा त्यांना ती ठेवायची नसत. तो ‘हिंजवडी’ झाला, पत्रकं लिहिणारी मी ‘पत्रक’. आणि दोघांनाही अहो-जाहो. “अहो पत्रक, दूध उतू चाललंय आपलं,” हे वाक्य खालून आलं की मी निमूट धावायचे.

त्यांच्या टीव्हीच्या वर भिंतीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेली पाटी होती: ‘काय बघायचं ते ठरवल्यावरच टीव्ही लावावा. ठरवण्यासाठी लावू नये.’ येणाऱ्याजाणाऱ्याला ती विनोदी वाटायची. मलाही वाटायची, पहिला रविवार येईपर्यंत.

रविवारी दुपारी जेवणं झाली की बाईंच्या घरी सिनेमा असे, आणि त्याआधी बाजू मांडावी लागे. म्हणजे ज्याची पाळी असेल त्याने बंद टीव्हीसमोर उभं राहून सांगायचं की आज काय बघायचं, ते कोणी केलंय आणि बाकीच्यांनी आपली दुपार त्यासाठी का द्यावी. ‘मस्त’ चालत नसे. ‘सगळे बघतायत’ म्हटलं की बाई विचारायच्या, “सगळे म्हणजे कोण? पत्ता द्या.” हिंजवडीने एकदा खांदे उडवून “टाइमपास आहे बाई, बघू ना” म्हटलं.

“वेळ आपला आपणच पास होतो, हिंजवडी. त्याला आपली मदत लागत नाही. बसा खाली.”

त्या दिवशी सिनेमा झाला नाही. आम्ही बंद टीव्हीसमोर बसून चहा प्यायलो, खारी खाल्ली आणि वर गेलो.

बाईंची खुर्ची टीव्हीसमोर नसे. ती आडवी लावलेली असे आणि बाई तोंड खिडकीकडे करून बसत. मला आधी तो तोरा वाटला. मग एकदा मी त्यांना सुईत दोरा ओवून दिला तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. समोर बघितलं की समोरचंच नाहीसं व्हायचं, कडेने बघितलं की थोडं सापडायचं. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डाव्यात इंजेक्शनं चालू होती.

“डॉक्टर म्हणतात, कडा राहतील, मधलं जाईल,” बाई म्हणाल्या. “जन्मभर मुलांना सांगितलं, आधी कडा काढा, मधलं नंतर भरा. आता मला उलट हिशोब लागलाय.”

म्हणजे खिडकीकडे तोंड करून त्या सिनेमाच बघत होत्या. मग त्या पाटीचा, त्या बाजू मांडण्याचा, त्या ‘का पाहिलात’चा अर्थ मला लागला. या बाईकडे थोडीशी नजर उरली होती, आणि ती कशावर खर्च करायची हे वरच्या रांगेतल्या हलत्या चित्राला ठरवू द्यायला त्या तयार नव्हत्या. व्यवस्थेविरुद्ध मी पुष्कळ बोलले होते, पुष्कळ लिहिलंही होतं. व्यवस्थेला खुर्चीत बसून, चहाचा कप हातात धरून, दर रविवारी नाही म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

हिंजवडीचं कामच या यंत्रांचं होतं. कोणत्या तरी दुकानाच्या ॲपमध्ये ‘तुम्हाला हेही आवडेल’ असं जे येतं, ते त्याचं खातं. तो बाईंना मनापासून समजावायचा. “बाई, तुम्ही त्याला थोडं बघू दिलंत ना, की तो तुमची आवड शिकेल.”

“तो सवय शिकतो. आवड वेगळी.”

“एकच आहे ते, डेटाच्या दृष्टीने.”

“मला रोज चहाबरोबर खारी लागते, ती सवय. आपल्याला शेजारच्या गल्लीतली एक मुलगी बघायची असते म्हणून आपण लांबच्या रस्त्याने बसला जाता, ती आवड. आता सांगा, यंत्राला यातलं काय कळतं?”

हिंजवडी लाल झाला. बाईंना नीट दिसत नव्हतं, तरी हे दिसलं होतं.

शोधायची बाईंची रीत अशी. वरच्या रांगांवर थांबायचंच नाही. सिनेमा संपला की उठायचं नाही, शेवटची नावं बघायची. नट-नटी नाहीत, दिग्दर्शकही नाही. कॅमेरा कोणाचा, संकलन कोणाचं, आवाज कोणी धरला. एखाद्या सिनेमातला एखादा तुकडा मनात राहिला तर तो ज्याच्या हातचा, त्याचं नाव शोधायच्या खिडकीत टाकायचं आणि त्याने आणखी काय केलंय ते बघायचं. अशा नावाला धरून त्या कुठल्या कुठल्या देशात जाऊन पोहोचायच्या. ज्या भाषांची नावं मला माहीत नव्हती त्या भाषांतले शेतकरी, सुईणी, पोस्टमन त्या रविवारच्या खोलीत येऊन गेले. एवढं सगळं त्याच टीव्हीत, त्याच वर्गणीत, माझ्या अंगठ्याच्या चार बोटं खाली पडून होतं आणि मी वर्षानुवर्षं पहिल्याच रांगेत उभी होते. ज्या दुकानात उत्तम माल तळघरात ठेवतात आणि दारात रंगीत खडे मांडतात, त्या दुकानाला आपण काय म्हणू? मी भडकून असं काही म्हटलं की बाई म्हणायच्या, “शिव्या नंतर. आधी तळघरात उतरा.”

शेवटची नावं सुरू झाली की यंत्र ती कोपऱ्यात ढकलतं आणि पुढचं काहीतरी लावायला उलटी गिनती सुरू करतं. ती थांबवण्याचं काम हिंजवडीकडे होतं. तो रिमोट हातात धरून शिपायासारखा ताठ बसायचा. एकदा चुकला, आणि शोकाच्या सिनेमावर एकदम नाचगाणं सुरू झालं. बाई शांतपणे म्हणाल्या, “जनाजा दारातून बाहेर पडेपर्यंत तरी लोक थांबतात, हिंजवडी.”

आणि एकदा मोठा सिनेमा चालला होता, मधेच चित्र थांबलं. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. हिंजवडीने सवयीने मोठ्याने वाचून दाखवला, “अजून बघताय का, असं विचारतोय.” म्हटल्यावर त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने जीभ चावली.

बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, “हो म्हणा. अजून थोडं.”

माझं काम खालच्या ओळी वाचायचं होतं. बाईंना अक्षरं दिसत नसत, म्हणून मी इंग्रजी ओळी बघून तिथल्या तिथे मराठीत सांगायचे. हे काम मला फार आवडायचं. एका सिनेमात खाणीतला एक म्हातारा मजूर मुकादमासमोर उभा होता. ओळ होती: मी दमलोय. मी बाईंना सांगितलं, “तो म्हणतोय, आमच्या घामावर तुम्ही इमले बांधलेत, पण आता हे हात थांबणार आहेत.”

बाईंनी हात वर केला. हिंजवडीने सिनेमा थांबवला.

“एवढं बोलला तो?”

“अर्थ तोच आहे, बाई.”

“मला दिसत नाही, ऐकू येतं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. त्यात एवढं मावत नाही. काय म्हणाला?”

“मी दमलोय, म्हणाला.”

“मग हे केवढं मोठं आहे, आणि आपण ते पुसून टाकलंत,” त्या म्हणाल्या. “पत्रक, आपण माझे डोळे आहात. डोळ्यांनी भाषण करायचं नसतं. आहे तेवढंच सांगायचं.”

तेव्हापासून हिंजवडी मला जिन्यात गाठून विचारायचा, “आज हात थांबणार आहेत का तुझे?”

आता त्या सिनेमाबद्दल. बाई कॉलेजात असताना एका फिल्म सोसायटीत त्यांनी एक परदेशी सिनेमा पाहिला होता. नाव आठवत नव्हतं, देश आठवत नव्हता. काळा-पांढरा होता, एवढं नक्की. आणि एक प्रसंग. एक बाई घराच्या भिंतीला चुना लावते आहे. भिंतीवर झाडाची सावली पडली आहे. ती बाई सावलीएवढी जागा सोडून बाकी सगळीकडे चुना लावते. ऊन सरतं, सावली निघून जाते आणि पांढऱ्या भिंतीवर झाड उरतं.

बाईंनी नोकरीभर हा प्रसंग प्रत्येक वर्गाला शिकवला होता. सोडलेली जागासुद्धा काढलेली असते, हे मुलांना सांगायला त्या हाच दाखला द्यायच्या. आणि त्यांना तो मधलं जाण्याआधी एकदा पुन्हा बघायचा होता. त्यांची बाकी काही मागणी नव्हती. डॉक्टरांकडून येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, “झाड मिळालं पाहिजे.”

आम्ही शोधलं. हिंजवडीने यंत्राला विचारलं, त्याच्या ऑफिसातल्या हुशार यंत्रांनाही विचारलं. भिंत, चुना, सावली, झाड असं सगळं टाकून पाहिलं. यंत्राने घर सजवण्याचे कार्यक्रम दाखवले आणि पुढचे कित्येक दिवस बाईंच्या टीव्हीवर रंगाच्या डब्यांची रांग लागली. दरम्यान डावा डोळाही मंदावत चालला होता. बाई आता खुर्ची आणखी वळवून बसायच्या, जवळजवळ टीव्हीकडे पाठ करून.

मग एका रविवारी भलताच सिनेमा लागला होता, रंगीत, अलीकडचा. त्यात एक म्हातारी भांडी घासते आणि कॅमेरा तिच्या हातांवरून हलतच नाही. बाई पुढे झुकल्या. “या माणसाला घाई नाही,” त्या म्हणाल्या. “असे हात मी आधी बघितलेत.” शेवटी हिंजवडीने गिनती वेळेवर थांबवली आणि कॅमेरा कोणाचा ते मी वाचलं. त्या नावाला धरून आम्ही मागे मागे गेलो. त्याचे जुने सिनेमे, मग तो उमेदवारीला असताना ज्याच्या हाताखाली होता त्याचं नाव, मग त्याचे. अगदी तळाशी एक काळा-पांढरा चौकोन सापडला. खाली दोन ओळी: मुलाची वाट पाहणारी एक आई घर रंगवायला काढते. आणि कोपऱ्यात सूचना, की हा सिनेमा या महिन्याअखेर काढून टाकण्यात येईल.

त्या रविवारी पाळी बाईंची होती. त्या टीव्हीसमोर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “याची बाजू मी आयुष्यभर मांडत आलेय. लावा.”

मी त्यांच्या शेजारी पाटावर बसले. आई चुना भिजवते, बादली उचलते, अंगणात येते. बाई एका बाजूला मान करून, श्वास धरल्यासारख्या बसल्या होत्या. भिंत आली. मोठी, मळकी, पूर्ण पडदाभर. अंगणात झाड नव्हतं. आईची स्वतःची सावली तेवढी भिंतीवर होती आणि ती तिच्यावरून कुंचला फिरवत होती. मी वाट बघितली. भिंत पांढरी होत गेली.

“झाड आलं का?” बाईंनी विचारलं.

हिंजवडीने माझ्याकडे बघितलं. हो म्हण, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. एका शब्दाचं काम होतं. बाईंना दिसणार नव्हतं. त्यांची सगळी नोकरी, ती सगळी मुलं, त्या रिक्षातलं ते वाक्य, सगळं त्या एका शब्दाने सांभाळलं गेलं असतं. माझ्या तोंडात तो शब्द आलाही होता.

“झाड नाही, बाई,” मी म्हणाले. “तिची सावली आहे. ती तिच्यावरही चुना लावतेय.”

“सगळीकडे?”

“सगळीकडे. काहीच सोडलं नाही.”

हिंजवडीने सिनेमा थांबवला. बाईंचे हात मांडीवर होते. उजव्या हाताचा अंगठा बोटांवरून फिरत होता, खडूची धूळ झाडावी तसा.

“नक्की हाच सिनेमा,” त्या म्हणाल्या. “ती बादली मला आठवते. कडी तुटलेली आहे ना तिची?”

“हो. दोरी बांधलीय.”

“मग झाड कुठून आलं?”

बाईंचा चेहरा मी बघत होते. मला भीती होती की तो आता कोसळेल. तो हळूहळू उजळला. आयुष्यात मी मिरवणुका पाहिल्या आहेत, मैदानं भरलेली पाहिली आहेत, माणसं एकदम उठून उभी राहताना पाहिली आहेत. तसं काही मी त्या एका चेहऱ्यावर पाहिलं.

“म्हणजे ते मी काढलंय,” बाई म्हणाल्या.

मग त्या हसायला लागल्या. “आणि मी मुलांना काय सांगत आले? की परदेशातल्या एका मोठ्या दिग्दर्शकाने हे केलंय. नाहीतर ड्रॉइंगच्या बाईचं कोण ऐकणार होतं.” हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. “हिंजवडी, थांबवलंत कशाला? तिचा मुलगा यायचाय अजून.”

आम्ही तो शेवटपर्यंत पाहिला. मुलगा येतो की नाही ते मी सांगणार नाही. नावं पूर्ण जाऊ दिली. आई झालेल्या नटीचं नाव आलं, कॅमेऱ्याचं आलं, चुना कोणी कालवला त्याचंही असेल. बाई म्हणाल्या, “वाचा, सगळी वाचा.” मी उच्चार येतील तसे वाचले.

जिन्यात हिंजवडी माझ्यावर चिडला होता. “खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“झाड त्या दिग्दर्शकाचंच राहिलं असतं,” मी म्हणाले. तो पायरीवर बसला. त्यानंतर त्याने मला हातांवरून कधी चिडवलं नाही.

बाई आता कात्रजला भाचीकडे राहतात. मधलं गेलं, कडाही धूसर झाल्या. मी अधूनमधून रविवारी बसने जाते. भाचीच्या घरी टीव्ही मोठा आहे आणि दिवसभर कुणी न ठरवता चालू असतो. मी गेले की बाई तो बंद करायला लावतात. मग मी त्यांना मी पाहिलेला सिनेमा सांगते. आधी बाजू मांडावी लागते, ती सूट त्यांनी दिलेली नाही. सांगताना मी कुठे रंगले की त्या हात वर करतात. “आहे तेवढंच.” मी मागे येते, पुन्हा सांगते. काही वेळा त्या डोळे मिटून म्हणतात, “थांबा. इथे मला काहीतरी दिसतंय, ते बघू द्या.” मी थांबते. त्या काय बघतात हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

मला पत्रकं लिहायची सवय आहे आणि पत्रकाच्या शेवटी काहीतरी करायला सांगायचं असतं. तर येत्या रविवारी एवढं करा. टीव्ही बंद असताना उभे राहा आणि काय बघायचं, का बघायचं, ते घरातल्यांना मोठ्याने सांगा. हसतील, हसू द्या. वरची रांग सोडून खाली उतरा. शेवटची नावं कोपऱ्यात ढकलू देऊ नका. मग तुमच्या ओळखीत ज्यांना दिसत नाही, किंवा आता नीट दिसत नाही, असं कोणीतरी असेलच. त्यांच्याकडे जाऊन बसा आणि पाहिलेलं सांगा. आपल्या पदरचं काही घालू नका. ते विचारतील, झाड आहे का? नसेल, तर नाही म्हणून सांगा, आणि थोडा वेळ थांबा.